आधी ‘कारण’, मग ‘बिकॉज’

आपल्या मोहल्ल्यातल्या दुसरी-तिसरीच्या कुठल्याही मुलाला इंग्रजीत फळांची नावं विचारा. ॲपल, मँगो, बनाना, ग्रेप्स, एका दमात दहा नावं येतील. रंग विचारा, प्राणी विचारा, आठवड्याचे वार विचारा, सगळं पाठ असतं. मग विचारा, ‘व्हाय डू यू लाइक मँगो?’ मूल गप्प होतं आणि आईकडे बघतं. तोच प्रश्न घरच्या बोलीत विचारून पाहा. गोड असतो म्हणून, नानीच्या घरी मिळतो म्हणून, सुट्टीत येतो म्हणून, आणि भाईला मोठा मिळाला तर भांडण होतं हेही ऐकायला मिळेल.

म्हणजे मुलाकडे कारणं आहेत आणि इंग्रजी शब्दही आहेत. नाही तो या दोन्हींना जोडणारा सांधा. मराठी शाळेत त्याला उभयान्वयी अव्यय म्हणतात, उर्दू शाळेत हर्फ-ए-अत्फ, इंग्रजी शाळेत कन्जंक्शन. अँड, बट, ऑर, सो, बिकॉज, इफ, एवढेसे शब्द. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना दोन पानं मिळतात आणि परीक्षेत पाच मार्क. माझं म्हणणं असं आहे की प्राथमिक शाळेतल्या इंग्रजीत या शब्दांइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. आणि ते नीट शिकवायचे असतील तर सुरुवात मुलाच्या घरच्या भाषेतून करावी लागेल.

मी भाषेचा शिक्षक नाही. पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून नोकरी करतो आणि रविवारी सकाळी कोंढव्यातल्या एका अभ्यासिकेत तिसरी ते पाचवीच्या मुलांबरोबर दोन तास बसतो. त्यातली काही मराठी माध्यमाची, काही उर्दू माध्यमाची आणि बरीचशी इंग्रजी माध्यमाची असतात. माध्यम कुठलंही असो, इंग्रजी वाक्य एका पूर्णविरामापाशी थांबतं. ‘धिस इज अ कॅट.’ ‘आय लाइक मिल्क.’ ‘माय फादर इज अ ड्रायव्हर.’ प्रत्येक वाक्य बरोबर, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. विटा आल्यात, भिंत नाही.

यंत्राला ‘बिकॉज’ लागत नाही

माझ्या कामात या छोट्या शब्दांची ताकद रोज दिसते. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा घ्या. त्यात अँड, ऑर, नॉट, इफ, एल्स हे शब्द जसेच्या तसे आहेत. एखाद्या अटीत ‘अँड’च्या जागी ‘ऑर’ पडला की ज्याला पैसे मिळू नयेत त्याला मिळतात, किंवा ज्याला मिळायला हवेत त्याचे अडकतात. या शब्दांचं गणित मांडणारा जॉर्ज बूल हा इंग्लंडमध्ये स्वतःची शाळा चालवणारा मास्तर होता, पुढे आयर्लंडमधल्या कॉर्कला प्राध्यापक झाला. १८५४ साली त्याचं विचारांच्या नियमांवरचं पुस्तक आलं. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांच्या साहाय्याने विचार कसा पुढे सरकतो हे त्याने चिन्हांत मांडलं. आजचे सगळे संगणक त्याच पायावर चालतात.

पण पायथनमध्ये ‘बिकॉज’ नाही. यंत्राला अट सांगितली की पुरतं, कारण सांगावं लागत नाही. माणसाला सांगावं लागतं. कोडच्या बाजूला आम्ही माणसांसाठी टिपा लिहून ठेवतो आणि त्यातली सगळ्यात उपयोगी टीप तीच असते जिच्यात ‘हे असं का केलं’ ते लिहिलेलं असतं. नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेतानाही हेच दिसतं. प्रश्नाचं उत्तर बऱ्याच जणांना येतं. ‘हाच मार्ग का निवडला?’ असं विचारलं की काही जण अडखळतात. त्यांचं गणित कच्चं नसतं, इंग्रजी शब्दसाठाही ठीक असतो. कारण मांडायची सवय इंग्रजीत कधी लागलेलीच नसते.

नोकरीचं सोडा. शिष्यवृत्तीचा फॉर्म घ्या. ‘उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड किंवा वीजबिल’ असं लिहिलेलं असेल तर दाखला लागणारच आहे का, की वीजबिल असलं तर दाखल्याची गरज नाही? ‘आणि’ कुठवर पोचतो आणि ‘किंवा’ कुठे सुरू होतो, यावर तहसील कचेरीतली एक फेरी वाचते किंवा वाढते. बँकेची पत्रं, भाड्याचे करार, विम्याचे कागद, सगळे ‘इफ’ आणि ‘अनलेस’ने भरलेले असतात. हे शब्द ज्याला कळत नाहीत त्याला कोणीतरी दुसरा सांगेल तिथे सही करावी लागते.

मुलाला जे आधीच येतं

चार वर्षांचं मूल ‘पण’ म्हणतं, ‘जर-तर’ करतं, ‘म्हणून’ सांगतं. ‘मी झोपते, पण लाइट चालू ठेव.’ ‘तू चॉकलेट दिलंस तर मी रडणार नाही.’ यात अट आहे, सौदा आहे, थोडी धमकीसुद्धा आहे. हे कोणी शिकवलं नाही. अम्मी, अब्बू, नानी आणि गल्ली यांच्याकडून कानावर पडत आलं. याचा अर्थ असा की इंग्रजी शिकवताना आपल्याला मुलाला विचार करायला शिकवायचं नाही. ते विचार करतंच. त्या विचाराला इंग्रजी सांधा कुठे बसतो एवढंच दाखवायचं आहे.

पण हे ‘एवढंच’ दिसतं तितकं सोपं नाही. मुलं कुठे आणि का अडतात ते समजून घ्यायला हवं.

पहिली अडचण ‘बिकॉज’ची. मुलं लिहितात, ‘इट वॉज रेनिंग बिकॉज आय डिड नॉट कम.’ मी आलो नाही म्हणून पाऊस पडत होता! टीचर लाल पेनाने फुली मारतात आणि मूल हिरमुसतं. जरा थांबून पाहिलं तर मुलाने फार प्रामाणिकपणे भाषांतर केलं आहे हे लक्षात येतं. घरात आपण काय म्हणतो? ‘पाऊस पडत होता म्हणून मी आलो नाही.’ दखनी बोलणारी पोरगी म्हणते, ‘पानी पड रा था बोलके मैं नै आयी.’ दोन्हीकडे कारण आधी येतं, त्यानंतर जोडणारा शब्द, मग परिणाम. मुलाला वर्गात सांगितलेलं असतं की ‘बिकॉज म्हणजे कारण, म्हणून’. त्याने ‘म्हणून’ काढला आणि त्याच जागी ‘बिकॉज’ ठेवला.

‘बिकॉज’चा खरा जोडीदार आहे ‘कारण’, उर्दूत ‘क्योंकि’. ‘मी आलो नाही, कारण पाऊस पडत होता.’ इथे क्रम इंग्रजीसारखाच आहे. आणि ‘म्हणून’चा जोडीदार आहे ‘सो’. ‘इट वॉज रेनिंग, सो आय डिड नॉट कम.’ अडचण एवढीच की लहान मुलं घरात ‘कारण’ फारसं वापरत नाहीत, त्यांच्या तोंडी ‘म्हणून’च असतो. म्हणून आधी मराठीतच खेळ घ्यावा लागतो. ‘भूक लागली म्हणून केळं खाल्लं’ हे वाक्य ‘कारण’ वापरून फिरवून सांगायचं. ‘केळं खाल्लं, कारण भूक लागली.’ दहा-बारा वाक्यं अशी उलटसुलट झाली की मुलाच्या लक्षात येतं, ‘कारण’च्या पुढे कारण असतं आणि ‘म्हणून’च्या पुढे परिणाम. मग ‘बिकॉज’ आणि ‘सो’ आणा. आधी ‘कारण’, मग ‘बिकॉज’.

हा गोंधळ केवळ भाषांतराचा नाही, वयाचाही आहे. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने जिनिव्हातल्या मुलांना ‘अमुक झालं, कारण...’ अशी अर्धी वाक्यं पूर्ण करायला दिली होती. १९२४ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात मुलांच्या अशा उत्तरांची चर्चा आहे. माणूस सायकलवरून पडला, कारण त्याचा हात मोडला, अशा धाटणीची ती उत्तरं. ती मुलं स्वतःच्या मातृभाषेत, फ्रेंचमध्ये बोलत होती. सात-आठ वर्षांपर्यंत कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होऊ शकते, असं त्याला दिसलं. मग आपल्या तिसरीतल्या मुलाने तिसऱ्या भाषेत ती केली तर त्याला ‘ढ’ कशाला म्हणायचं?

जोडीने येणारे शब्द

दुसरी अडचण जोड्यांची. मराठीत जर येतो तेव्हा तर येतो, जरी आला की तरी, जेव्हा आला की तेव्हा. उर्दूत अगर असेल तर पुढे तो, अगरचे असेल तर पुढे लेकिन किंवा फिर भी. आपल्या भाषांना वाक्याची दोन्ही टोकं बांधायची सवय आहे. इंग्रजी एकाच टोकाला गाठ मारते. म्हणून आपली मुलंच नव्हे, पदवीधर मंडळीही लिहितात, ‘ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम.’ यातला ‘बट’ हा ‘तरी’चा अनुवाद आहे. इंग्रजीत ‘ऑल्दो ही वॉज इल, ही केम’ एवढंच पुरतं, किंवा ‘ही वॉज इल, बट ही केम.’ दोन्हींपैकी एकच.

हे मुलांना सांगायला वेळ लागत नाही, फक्त दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक हवीत. ‘जरी तो आजारी होता, तरी तो आला.’ खाली इंग्रजी वाक्य. ‘जरी’खाली ‘ऑल्दो’ लिहा आणि ‘तरी’खाली रिकामी चौकट काढा. इथे इंग्रजी काही बोलत नाही, असं म्हणा. ती रिकामी चौकट मुलं विसरत नाहीत. नुसतं ‘ऑल्दोबरोबर बट वापरू नये’ असा नियम दिला तर आठवडाभरात विसरतात.

तिसरी अडचण म्हणजे आपला एक शब्द इंग्रजीत दोन-तीन ठिकाणी विखुरतो. ‘चहा घेणार की दूध?’ इथला ‘की’ म्हणजे ‘ऑर’. ‘तो म्हणाला की उद्या येतो’ इथला ‘की’ म्हणजे ‘दॅट’. ‘पाऊस होता म्हणून आलो नाही’ इथे ‘सो’, पण ‘लवकर पोचावं म्हणून रिक्षा केली’ इथे कारण नसून हेतू आहे. ‘अनलेस’ची गंमत वेगळीच. त्याच्या पोटात ‘नाही’ आधीच दडलेला आहे. ‘अभ्यास केला नाहीस तर नापास होशील’ याचं मुलं करतात, ‘अनलेस यू डोंट स्टडी...’ आणि अर्थ बरोबर उलटा होतो. ‘केल्याशिवाय’ हा मराठी शब्द दाखवला तर ‘अनलेस’ पटकन कळतो.

वर्गात काय करता येईल

मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. पैसे लागत नाहीत, दहा मिनिटं आणि कागदाच्या चिठ्ठ्या पुरतात.

क्रम महत्त्वाचा आहे. पहिली-दुसरीत फक्त ‘अँड’ आणि ‘बट’, तेही तोंडी. तिसरीत ‘बिकॉज’, ‘सो’ आणि ‘ऑर’. चौथीत ‘इफ’, ‘व्हेन’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’. ‘ऑल्दो’ आणि ‘अनलेस’ पाचवीच्या आधी नकोत. एका दिवशी दहा शब्दांची यादी फळ्यावर लिहून पाठ करायला दिली की मुलं दहाही शब्द म्हणून दाखवतात आणि एकही वापरत नाहीत.

व्याख्या शेवटी द्या किंवा देऊच नका. सुरुवात दोन वाक्यांनी करा. ‘अम्मी इज टायर्ड.’ ‘अम्मी इज कुकिंग.’ मधे ‘अँड’ची चिठ्ठी ठेवा. दोन गोष्टी खऱ्या आहेत, एवढंच कळतं. ‘अँड’ काढून ‘बट’ ठेवा. आता मुलांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. दमली आहे, पण तरी करतेय. मग ‘बिकॉज’ ठेवा. ती दमली, कारण ती स्वयंपाक करतेय. वाक्यं तीच, माणूस तोच, आणि एका चिठ्ठीने अख्खी गोष्ट बदलली. एकदा याच खेळात चौथीतल्या एका मुलीने स्वतःची तिसरी चिठ्ठी लिहिली. ‘अब्बू इज कुकिंग बिकॉज अम्मी इज टायर्ड.’ वर्गात हसू फुटलं, मुलगी मात्र गंभीर होती. तिला इंग्रजीत पहिल्यांदा काहीतरी म्हणायचं होतं आणि म्हणता आलं.

‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रकार कमी करा. त्यात अंदाजाने मार्क मिळतात. त्याऐवजी अर्धं वाक्य द्या. ‘आय वॉन्ट टू गो आउट, बट...’ आणि पुढचं मुलाला पूर्ण करू द्या. पुढचा भाग मराठीत आला तरी स्वीकारा. ‘आय वॉन्ट टू गो आउट, बट अम्मी रागावेल.’ हे वाक्य अर्धवट इंग्रजी नाही. सांधा बरोबर बसलेलं वाक्य आहे. ‘रागावेल’चं इंग्रजी उद्या देता येतं. सांधाच नसेल तर नुसते शब्द देऊन उपयोग नाही.

आणि मुलाने इंग्रजीत काही सांगितलं की एकदा तरी ‘व्हाय?’ विचारा. शाळेत वेळ नसेल, घरी असतो.

‘पण इंग्रजी माध्यमात मराठी कशाला?’

हा प्रश्न पालक विचारतात आणि त्यांचं चुकत नाही. रिक्षा चालवून, शिवणकाम करून त्यांनी फी भरलेली असते. वर्गात मराठी किंवा दखनी ऐकू आली की पैसे वाया गेले असं त्यांना वाटतं. काही शाळाही हीच भीती विकतात.

माझं उत्तर असं. माझी पिढी मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकली. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. चार वर्षं जास्त मिळाली, चांगलंच झालं. पण वर्षं वाढवली म्हणजे भाषा आली असं होत नाही. ‘असर’च्या २०१६ सालच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण एक चतुर्थांश मुलांनाच इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता आली होती. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हणतं. त्या धोरणातल्या सगळ्याच गोष्टी आपल्याला पटतील असं नाही, पण ही गोष्ट आपल्या मुलांच्या अनुभवाशी जुळते. घरची भाषा बाहेर ठेवून शिकलेलं इंग्रजी पाठांतर होतं. घरच्या भाषेला हात धरून आत आणलं तर तेच इंग्रजी मुलाचं स्वतःचं होतं.

आपल्या समाजाला पाठांतराची ओळख करून द्यायला नको. संध्याकाळी मकतबमध्ये आपली मुलं अरबी अक्षरं किती नेमकी उच्चारतात हे आपण अभिमानाने ऐकतो. अर्थ न कळता वाचण्यामागे तिथे श्रद्धेची आणि परंपरेची कारणं आहेत, ती आपल्या जागी. पण इंग्रजी इबादतीची भाषा नाही. ती फॉर्मची, कोर्टाच्या नोटिशीची, दवाखान्यातल्या संमतिपत्राची, नोकरीच्या मुलाखतीची भाषा आहे. तिथे शुद्ध उच्चाराला सवाब नाही. तिथे अर्थ लागतो आणि अर्थाला उत्तर द्यावं लागतं.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो. पोर्शन संपवायचा, पन्नास मुलं, जनगणना, निवडणूक ड्युटी, त्यात चिठ्ठ्यांचे खेळ कुठे बसवणार? ही तक्रारही खरी आहे. म्हणूनच सगळं ओझं त्यांच्यावर टाकून चालणार नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेक जण कॉलेजात आहेत किंवा नुकतेच नोकरीला लागले आहेत. घरात धाकटी भावंडं आहेत, पुतणे-भाचे आहेत. मोहल्ल्यात अभ्यासिका नसेल, पण कोणाची तरी गच्ची असेल, मशिदीशेजारची खोली असेल, वाचनालय असेल. तुमचं इंग्रजी फाडफाड नसलं तरी चालेल. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ यांतला फरक मराठीत समजावून सांगता येणं पुरेसं आहे, आणि ते काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोणी करू शकणार नाही. इंग्रजी शाळेतल्या टीचरना मुलाची दखनी येईलच असं नाही. तुम्हाला येते. मूल ‘बोलके’ म्हणालं की त्याच्या मनात नेमकं काय आहे हे तुम्हाला कळतं.

आपल्या मुलांबद्दल दुसरे खूप बोलतात. त्या बोलण्याला उत्तर द्यायची वेळ मुलांवर येणार आहे, आणि ते उत्तर कधीकधी इंग्रजीत द्यावं लागणार आहे. तेव्हा फळांची नावं कामाला येणार नाहीत. ‘तुम्ही म्हणता ते ऐकलं, पण...’ असं म्हणता आलं पाहिजे. ‘मला हे मान्य नाही, कारण...’ असं म्हणता आलं पाहिजे. येत्या रविवारी एका मुलाला ‘बट’ आणि ‘बिकॉज’ एवढे दोनच शब्द वापरायला शिकवा. त्यापुढचं वाक्य ते मूल स्वतः पूर्ण करील.